टाकून दिलेल्या नावांच्या पताका

अमेरिकी कॉलेजांची जुनी पेनंट जमवणाऱ्यांची सगळ्यात जास्त झुंबड हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनवर. माझ्या मते हा छंद तिथेच सर्वांत अळणी आहे. हार्वर्डचं नाव शंभर वर्षांपूर्वी हार्वर्ड होतं, आजही हार्वर्डच आहे. रंगाची गोष्ट तेवढी चांगली. १८५८ साली बोस्टनच्या होड्यांच्या शर्यतीत आपला चमू काठावरून ओळखू यावा म्हणून चार्ल्स एलियट आणि बेंजामिन क्राउनिनशील्ड यांनी किरमिजी रुमाल आणून वाटले. एलियट पुढे चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते, पण त्या रंगावर अधिकृत शिक्का बसला तो १९१० साली, ते पायउतार झाल्यावर.

खरी गंमत येते ती आज त्या नावाने सापडत नसलेल्या कॉलेजांत. समजा, हातभर लांबीचं एक तिकोनी पेनंट हाती आलं. जाड लोकरीचं फेल्ट, रुंद टोकाला वेगळ्या रंगाची उभी पट्टी, काठीला बांधायला नाड्या; वारकऱ्याच्या खांद्यावरच्या पताकेसारखीच घडण. अक्षरं छापलेली नाहीत, कापून मशीनवर शिवलेली, त्यामुळे पाठीमागे टाक्यांच्या रेघांत तीच अक्षरं उलटी उमटलेली. अक्षरं तीनच: एम. ए. सी.

कोणाचं हे? मॅसॅच्युसेट्स, मिशिगन आणि मेरिलँड या तिन्ही राज्यांत अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज होतं आणि तिघांची आद्याक्षरं तीच. इथे रंग कामाला येतो. हिरवं-पांढरं असेल तर मिशिगन. मरून-पांढरं असेल तर आधी मॅसॅच्युसेट्सकडे बघावं. मिशिगनचं ठरलं की काळही बराचसा हाती लागतो, कारण ‘मिशिगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज’ हे नाव अधिकृतपणे १९०९ ते १९२५ एवढंच टिकलं. मेरिलँडने ‘अ‍ॅग्रिकल्चरल’ १९१६ साली सोडलं, मॅसॅच्युसेट्सने १९३१ साली. १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना शेती आणि यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी जमिनी मिळाल्या, त्यातून अशी कॉलेजं फोफावली. पुढे इतर विषय वाढले आणि ज्या शेतीच्या नावावर जमीन मिळाली, तीच पाटीवर नकोशी झाली. पाट्या उतरल्या, लेटरहेड बदलली. पेनंट मात्र कोणाच्या तरी ट्रंकेत तसंच राहिलं.

ओ. ए. सी.चं पेनंट आपल्याला जरा जवळचं वाटावं. कॉर्व्हॅलिसच्या ऑरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले, शेतीशास्त्र शिकायला होते. ते आता ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. पण अक्षरांवर भाळून पैसे मोजू नयेत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजचीही आद्याक्षरं हीच.

आकड्यांचाही चकवा असतो. पेनंटवर ‘१९१६’ असेल तर ते बहुधा पदवीचं वर्ष. पोराने ते १९१२ साली, कॉलेजात पाऊल ठेवल्याबरोबर घेतलेलं असू शकतं. विक्रेते हे सांगत नाहीत.

आणि मग कार्लाइल. लाल आणि सोनेरी पेनंट, संग्राहकांत मोठी मागणी. पेनसिल्व्हेनियातली ही शाळा १८७९ ते १९१८ चालली. १९११ साली तिच्या फुटबॉल संघाने हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. जिम थॉर्पने त्यात चार फील्ड गोल मारले. एवढंच सांगून पेनंट विकलं जातं. शाळा मात्र लष्करी बराकींत भरवलेली होती. मूळनिवासी जमातींची मुलं घरापासून तोडून तिथे आणत, त्यांचे केस कापत, मातृभाषा बोलू देत नसत. तिथल्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मुलं पुरली गेली. हे पेनंट दिवाणखान्यात हौसेने लावणं मला पटत नाही. संग्रहात ठेवावं, पण शेजारी ही हकीकत लिहून.

आपल्याकडेही पणजोबा-आजोबा अमेरिकेत शिकून आले अशी घरं आहेत. त्यांच्या ट्रंकेत असं काही निघालं तर धुऊ नका, इस्त्री करू नका, खिळे ठोकून भिंतीवर लावू नका. लोकरीला कसर लागते, तेवढी तपासा, आडवं पसरून उन्हाआड ठेवा आणि कोणाचं, कुठल्या सालचं ते घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.