माहुआंग आणि शरीरांतील ठेव

उत्तर चीनच्या कोरड्या, रेताड मुलुखांत एक बुटकें झुडूप उगवतें. पानें नांवापुरतीं, बाकी सर्व हिरव्या, सांधेदार काड्या. चिनी वैद्य त्यास ‘माहुआंग’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव एफेड्रा. घाम आणून ज्वर उतरविण्यासाठीं आणि दम्याचा जोर मोडण्यासाठीं त्याच्या काड्यांचा काढा ते सुमारें दोन हजार वर्षें देत आले आहेत.

या काढ्यांतील मुख्य सत्त्व, एफेड्रिन, जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाइ नागायोशी यांनीं १८८५ मध्यें वेगळें काढलें. पुढें १९२४ मध्यें पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील चेन आणि श्मिट या संशोधकांनीं त्याचा गुण ॲड्रिनॅलिनसारखा असल्याचें दाखवून दिलें.

अंधारांत पायांजवळ साप दिसला, कीं छाती धडधडूं लागते आणि झोंप कोठल्या कोठें पळते. हा प्रताप बऱ्याच अंशीं ॲड्रिनॅलिनचा. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन लहान ग्रंथींतून तें रक्तांत उतरतें. तोंडावाटे घेतलेलें ॲड्रिनॅलिन मात्र निकामी होतें, आणि टोंचून घातलें तरी त्याचा प्रभाव अल्पकाळच टिकतो. एफेड्रिन तोंडावाटेही लागू पडतें व कित्येक तास टिकतें.

त्याची क्रिया मोठी चमत्कारिक आहे. मज्जातंतूंच्या टोंकांशीं ॲड्रिनॅलिनचेंच भावंड, नॉरॲड्रिनॅलिन, सांठवून ठेवलेलें असतें. एफेड्रिन मुख्यतः हा सांठा बाहेर काढतें. थोडेंफार काम स्वतः करतें. त्यामुळें श्वासनलिका सैल होऊन दमेकऱ्यास श्वास घेतां येतो; पण त्याच वेळीं हृदय धांवूं लागतें, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो.

म्हणजे माहुआंग नवें बळ देत नाहीं. शरीराचीच ठेव खर्चीं घालतें. म्हणूनच लागोपाठ मात्रा घेतल्यास गुण कमी कमी येतो, कारण पेढी रिकामी होत जाते. अजाण मनुष्य मग मात्रा वाढवितो, आणि तिचा भार हृदयावर पडतो. वजन उतरविण्यासाठीं व हुशारी येण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या एफेड्राच्या गोळ्यांवर अमेरिकेच्या सरकारनें २००४ मध्यें बंदी घातली, ती हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या नोंदी पुढें आल्यावर.

दम्यावर आतां मुख्यतः श्वासनलिकांवरच काम करणारीं अधिक सुरक्षित औषधें मिळतात. ज्यांस रक्तदाब वा हृद्रोग आहे, त्यांनीं तर ‘वनस्पतीच ती, तिनें काय अपाय होणार?’ या समजुतीवर मुळींच विसंबूं नये. थकलेल्या शरीरास विश्रांति हवी असते. त्याची ठेव मोडून आणलेली हुशारी फार काळ पुरत नाहीं.