आधी ब्रेक, मग रंग

शेवरोलेटने जून १९४७ मध्ये ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने ट्रकची नवी मालिका बाजारात आणली. फुगीर मडगार्ड, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि तिघं ऐसपैस बसतील अशी केबिन. त्यातल्या अर्ध्या टनाच्या पिकअपचा क्रमांक ३१००. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत ही गाडी निघत राहिली आणि अमेरिकेतल्या शेतावर, डेअरीत, सुताराच्या दारात अक्षरशः राबली. आज तिथल्या घरोघरच्या शेडमध्ये हौशी माणसं हीच गाडी खोलून पुन्हा उभी करताना दिसतात.

आपल्याकडेही हे घराणं अनोळखी नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला शेवरोलेटची जुळणी केली. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यातही बेडफर्ड, फोर्ड यांच्या जोडीला शेवरोलेट होत्या.

ही गाडी घरी दुरुस्त होते, कारण तिच्यात काहीच लपवलेलं नाही. बोनेट उघडलं की सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन दिसतं: २१६.५ घनइंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर, ताकद ९० अश्वशक्ती. दोन्ही बाजूंना हात कोपरापर्यंत जाईल एवढी मोकळी जागा. कार्बुरेटर एक, पट्टा एक. दाराच्या रबरापासून केबिनच्या तळाच्या पत्र्यापर्यंत बहुतेक सुटे भाग आजही नव्याने बनवून विकले जातात.

पहिली लढाई गंजाशी. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा या ठरलेल्या जागा. वरून रंग धड दिसतो, पण पेचकस टोचला की आरपार जातो. सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, मात्र दार जागेवर लटकवून आणि चौकटीला आतून आडवा आधार देऊन. घाईत दार काढून ठेवलं तर पत्रा तापून ओढला जातो, आणि मग ते दार पुन्हा नीट लागत नाही. १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे आली. वेल्डिंगचं यंत्र सुरू करण्याआधी ती बाहेर काढून शेडपासून लांब ठेवायलाच हवी.

या इंजिनाची खरी ओळख पटते ती ऑईलचं चेंबर काढल्यावर. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतलेलं असतं आणि रॉडच्या तळाशी छोटी पळी असते. प्रत्येक फेऱ्यात ती पळी ऑईलमध्ये बुडते आणि ऑईल बेअरिंगपर्यंत पोचवते. त्यामुळे ऑईलचा काटा ३० पौंडांच्या मापावर जेमतेम निम्म्यापर्यंत चढतो, आणि नवा मालक घाबरतो. घाबरण्यासारखं काही नाही, या इंजिनाचा दाब तेवढाच असतो. बेअरिंग सैल झालं तर जोडावरच्या पातळ शिम काढून ते पुन्हा घट्ट करता येतं. घरच्या घरी, हातातल्या पान्याने.

टायमिंगची खूण तर फारच सुंदर. फ्लायव्हीलमध्ये पोलादाची एक लहानशी गोळी ठोकून बसवलेली आहे. सेल्फजवळच्या भोकातून डोकावत इंजिन हाताने फिरवायचं. गोळी काट्यासमोर आली की टायमिंगची जागा सापडली. त्या गोळीला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला की पुढचं काम सोपं होतं.

वायरिंगमध्ये मात्र भलेभले फसतात. मूळ गाडी ६ व्होल्टची. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टपेक्षा दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीची केबलही जाड हवी. दुकानातली बारीक केबल लावली की सेल्फ कण्हत फिरतो, दोष बॅटरीच्या माथी येतो आणि सगळी गाडी १२ व्होल्टवर नेली जाते. आधी जाड केबल लावावी, अर्थिंगच्या जागा घासून लख्ख कराव्यात. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

ब्रेकच्या बाबतीत अशी सवलत नाही. मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाखाली, आणि चारही चाकांना मिळून लाइन एकच. एक होस फुटला की पाय थेट जमिनीला टेकतो; उरतो फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक. म्हणून नवे होस, नव्या नळ्या आणि तपासलेले व्हील सिलिंडर यांच्याशिवाय गाडी शेडबाहेर काढूच नये. रंगावर महिनेच्या महिने घालवून ब्रेक जुनेच ठेवणारे मालक पाहिले की जीव कळवळतो.

चालवायची रीतही वेगळी. किल्ली फिरवा, चोक ओढा आणि सेल्फचा खटका उजव्या पायाने दाबा. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या दांडीवर, गिअर तीन. पहिला टाकायचा तर गाडी थांबलेली बरी. पुढे सलग ॲक्सल आणि पाटे, त्यामुळे खड्डा थेट मणक्याला कळतो. मागचं गुणोत्तर ४.११, म्हणून ताशी ७० ते ८० किलोमीटरला इंजिन खूश असतं. त्यापुढे पिटाळलं तर पळीने उडवलेल्या ऑईलवर जगणाऱ्या बेअरिंगचे हाल होतात.

वेग हवा म्हणून अनेक जण हे इंजिन उपटून व्ही-८ बसवतात. गाडी पळते, पण ती ३१०० राहत नाही. त्यापेक्षा शहाणे उपाय त्याच घराण्यात आहेत. १९५४ च्या ट्रकमधल्या २३५ घनइंची इंजिनात बेअरिंगना दाबाने ऑईल मिळतं, आणि ते इथे फारशी तोडफोड न करता बसतं. पॉवरग्लाइड गिअरबॉक्सच्या त्या काळातल्या शेवरोलेट मोटारींचा ३.५५ चा क्राउन-पिनियनही मागच्या हाउसिंगमध्ये जातो. इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवून वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो.

शेवटी उरतो हौदा. त्याचा तळ लाकडी फळ्यांचा, आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर पोलादी पट्टी, म्हणजे सामान पट्टीवरून सरकावं आणि लाकूड घासू नये. पुष्कळ जण तिथे ओकच्या फळ्या टाकून आरशासारखं व्हार्निश करतात आणि मग त्यावर साधं पोतंही ठेवू देत नाहीत. कारखान्यातून निघालेली फळी साध्या रंगाने रंगवलेली असे. तशीच रंगवावी आणि खुशाल विटा, खत, भाताची पोती भरावीत. एखादी फळी गेलीच, तर पट्ट्यांचे बोल्ट सोडून तेवढी एकच बदलता येते.