दुधाची बटणं

जुन्या डब्यातलं बटण अंगठ्याने जोरात घासून हुंगावं. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिकचा आला तर १९०७ साली शोध लागलेलं बेकेलाइट आणि करपलेल्या दुधाचा आला तर केसिन. हे केसिन खरंच दुधातलं. दाबून, फॉर्मलिनमध्ये मुरवून कडक केलेलं. नगरसारख्या दूधवाल्या जिल्ह्यात हे बटण शर्टावर मिरवायलाच हवं! मात्र ते पाण्यात भिजत पडलं की फुगतं, तडकतं. सेल्युलॉइड तर पटकन पेट घेतं, त्यावर इस्त्री नकोच. म्हणून अशी बटणं कायमची शिवू नयेत. कापडाला काजं करून, दांडीची बटणं मागून कडीने अडकवावीत, म्हणजे धुण्याआधी काढता येतात. चिकट, तडे गेलेलं सेल्युलॉइड मात्र वेगळं ठेवावं. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारची बटणंही खराब करते.