केस गळतात तेव्हा काय लावावे?

नंदुरबारात माक्याचे तेल जुने, मिनॉक्सिडिल नवे. दोहोंचे काम निराळे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील प्रयोगांत खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाल्याचे दिसले; पण ते रक्षण उगवलेल्या केसाचे. मिनॉक्सिडिल मुळाशी पोचते. मूळचे हे रक्तदाबाचे औषध! रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याकडे वळले. आनुवंशिक टकलावर पुरुषांना ५ टक्क्यांचे द्रावण २ टक्क्यांहून सरस ठरले. खाजही त्यानेच अधिक सुटते. प्रारंभी काही आठवडे केस उलट जास्त गळतात, आणि पुष्कळजण घाबरून तिथेच थांबतात. चार महिने तरी धीर धरावा. औषध सोडले की राखलेले केसही जातात. तेव्हा कायमचा खर्च आधी मोजावा. पंडुरोगाने केस गळणाऱ्या स्त्रीचे मात्र आधी रक्त तपासावे.