दहावीनंतर रुग्णालयाची वाट

रक्त घेताना जांभळ्या टोपणाची नळी अर्धवट भरली, म्हणून दुसऱ्या नळीतले थोडे रक्त तिच्यात ओतले, किंवा तिच्यातले रक्त दुसऱ्या नळीत टाकले. नवख्या हाताला यात काहीच वावगे वाटत नाही. पण जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रसायन असते. ते रक्तातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून गुठळी होत नाही. प्रयोगशाळांत ते सहसा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात वापरतात. हे रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेले, तर अहवालात पोटॅशियम भरमसाट वाढलेले आणि कॅल्शियम घसरलेले दिसते. वाढलेले पोटॅशियम म्हणजे हृदयाच्या ठोक्यांना धोका. रुग्ण ठणठणीत असतो आणि धावपळ मात्र सुरू होते.

प्रयोगशाळेच्या कामातील चुकांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झालेल्या असतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. चुकीची नळी, चुकीचे नाव, फार वेळ बांधून ठेवलेला पट्टा, जोरात हलवलेला नमुना. यातली कोणतीही गोष्ट केवळ पुस्तक वाचून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी अनुभवी तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहून शेकडो वेळा तेच काम करावे लागते. म्हणूनच आरोग्यक्षेत्रातील कोणत्याही तांत्रिक अभ्यासक्रमाची खरी किंमत ठरते ती प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणावरून.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरीचा आहे. डॉक्टर होण्याचा खर्च झेपणार नाही, पण मुलाला किंवा मुलीला लवकर पायावर उभे राहायचे आहे, अशी अनेक कुटुंबे येथे आहेत. शिकण्याजोगी ठिकाणेही जवळच आहेत. उल्हासनगरच्या कॅम्प ३ मधील मध्यवर्ती रुग्णालयात शहराबरोबरच अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड, कर्जतपर्यंतचे रुग्ण येतात. अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे. २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथचाही समावेश आहे. वैद्यकीय महाविद्यालय आले की डॉक्टरांइतकीच गरज तंत्रज्ञ, परिचारिका आणि साहाय्यकांची लागते.

मग दहावीनंतर वाटा कोणत्या? महाराष्ट्रात १९८८-८९ पासून अकरावी-बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. एमसीव्हीसी या नावाने ते ओळखले जात, आता त्यांना एचएससी व्होकेशनल म्हणतात. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, नेत्र तंत्रज्ञ, बाल-वृद्ध व आरोग्य सेवा असे विषय त्यात राहिले आहेत. अर्थात प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात प्रत्येक विषय नसतो. दुसरी वाट आयटीआयची. तिथे हेल्थ सॅनिटरी इन्स्पेक्टर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. पाणी, कचरा, साथरोग, अन्नस्वच्छता हा त्याचा गाभा. आयटीआयच्या २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात एका वर्षाच्या ट्रेडसाठी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकणे बंधनकारक आहे. तिसरी वाट अल्पमुदतीची, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटची. रुग्णाला कूस बदलायला मदत करणे, खाणे भरवणे, तापमान आणि नाडी नोंदवणे ही कामे त्यात येतात.

बारावीनंतर एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण लागतात. १८ महिने शिक्षण आणि ६ महिने इंटर्नशिप अशी त्याची रचना असते. तीन वर्षांच्या जीएनएममध्येही अखेरचे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात.

या सगळ्यांची गरज कोविडच्या दुसऱ्या लाटेने दाखवून दिली. जून २०२१ मध्ये केंद्राने आघाडीवरील कर्मचारी घडवण्यासाठी अल्पमुदतीचा कार्यक्रम जाहीर केला. एक लाखाहून अधिक तरुणांना घरगुती शुश्रूषा, नमुना संकलन, आपत्कालीन मदत, वैद्यकीय उपकरणांची देखभाल अशा सहा कामांसाठी तयार करण्याचे लक्ष्य होते. संकटात अशी घाई समजण्यासारखी असते. एरवी मात्र घाई महागात पडते.

कायद्याने हे ओळखले आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण हवे. त्यामुळे 'सहा महिन्यांत टेक्निशियन, नोकरी हमखास' असे सांगणाऱ्या जाहिरातीपुढे क्षणभर थांबून हा आकडा आठवायला हवा. अल्पमुदतीचा साहाय्यकाचा अभ्यासक्रम वाईट नसतो. पण तो तंत्रज्ञाची पदविका नव्हे. ही गल्लत झाली, तर फी जाते आणि वयाची मोलाची वर्षेही जातात.

दुसरी काळजी सुरक्षिततेची. वापरलेली सुई टोचली गेली आणि लस घेतलेली नसली, तर हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. पहिल्या आजाराला लस आहे. ती शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत देतात, म्हणून पहिली मात्रा वॉर्डात पाऊल टाकण्याच्या बरीच आधी घ्यायला हवी. सुई टोचलीच तर ती जागा साबणाने धुऊन लगेच वरिष्ठांना सांगायचे. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात. 'ओरडा बसेल' म्हणून गप्प राहणारे मूल हे वेळापत्रक चुकवते.

क्ष-किरण विभागाचे नियम वयाशीच जोडलेले आहेत. देशातील किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्साराच्या कामावर नेमता येत नाही आणि १६ वर्षांखालील व्यक्तीला प्रशिक्षणार्थी म्हणूनही घेता येत नाही. प्रशिक्षणार्थींची वार्षिक मर्यादा ६ मिलिसिव्हर्ट आहे. ती मोजण्यासाठी छातीवर बॅज लावलेला असायला हवा.

प्रवेशाआधी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. संस्थेला मान्यता कोणाची आहे आणि ती लेखी दाखवता येईल का? प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, किती तास होणार आणि तसा करार आहे का? तिथे शिकवणारी जबाबदार व्यक्ती कोण? लसीकरण आणि अपघात झाल्यास उपचार यांची जबाबदारी कोणाची? यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर दुसरे दार ठोठवावे. मूल रुग्णालयात जाऊ लागल्यावरही रोज एक गोष्ट विचारावी: आज काय शिकलास? महिनाभर उत्तर 'फाइली नेल्या, चहा आणला' एवढेच येत असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे, फुकटची हमाली आहे.

उद्या याच मुलांच्या हाती आपल्या घरातल्या कुणाच्या तरी रक्ताची नळी असणार आहे. तिच्यावर नाव लिहिण्यापूर्वी रुग्णाला 'तुमचे पूर्ण नाव सांगा' असे विचारायची सवय त्यांना आजच लागायला हवी.