चिवडा नेला, युरो सांडले

पॅरिसमध्ये एका कॅफेत बिल आलं, 60 युरो. वेटरने पुढे केलेल्या यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे होते, एक युरोंत आणि एक चक्क रुपयांत. परक्या मुलखात आपला रुपया दिसला म्हणून मला भरून आलं आणि मी रुपयांवर बोट ठेवलं. त्याच सकाळी पाण्याची बाटली एक युरोने स्वस्त मिळते म्हणून आम्ही तीन चौक पलीकडे चालत गेलो होतो. घरी आल्यावर कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसलो तेव्हा कळलं, की बाटलीवर वाचवलेला युरो त्या एका बोटाने घालवला, वर जवळजवळ आणखी एक. आणि असं बोट मी आठ दिवस रोज ठेवत होतो.

काटकसर आपल्याला शिकवावी लागत नाही. परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबाची बॅग उघडून बघा, चिवडा, मेतकूट, गुळपोळ्या आणि एक इलेक्ट्रिक किटली सापडेलच. पण आपली काटकसर डोळ्यांना दिसणाऱ्या खर्चाभोवती फिरते: जेवण, पाणी, टॅक्सी. ज्या खर्चाची पावती वेगळी मिळत नाही, तो आपल्या हिशोबात येतच नाही. बहुतेक गैरसमज तिथेच रुजतात.

«रुपयांत पैसे दिले की किती गेले ते नक्की कळतं»

कळतं, पण जास्त गेलेले कळतात. यंत्र रुपयांत आकडा दाखवतं तेव्हा रूपांतर तुमची बँक करत नाही, तर दुकानदाराच्या यंत्रामागची कंपनी करते, आणि आपल्या मर्जीचा दर लावते. हिशोब सोपा जावा म्हणून 1 युरो म्हणजे 100 रुपये धरू. 60 युरोंचे बाजारभावाने 6,000 रुपये होतात. युरो निवडले तर आपली बँक रूपांतर करते. अनेक भारतीय कार्डांवर त्याचा आकार 3.5 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के असतो. बिल 6,248 रुपयांवर जातं. रुपये निवडले आणि यंत्राने समजा 6 टक्के चढवले, तर 6,360. गोष्ट इथेच संपत नाही. व्यवहार रुपयांत दिसला तरी तो परदेशातल्या दुकानात झालेला असतो, म्हणून बऱ्याच बँका त्यावरही वेगळं शुल्क लावतात. ते 1 टक्का अधिक जीएसटी धरलं तर 6,435.

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमाप्रमाणे हा निर्णय कार्डधारकाचा असतो. वेटरने परस्पर रुपये दाबले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येतं. एटीएमवर हाच प्रश्न जरा दरडावून येतो. पैसे काढताना यंत्र विचारतं की हा दर मान्य आहे का, आणि 'नाही' म्हटलं तर पैसेच येणार नाहीत अशी भीती वाटते. येतात. 'नाही'चा अर्थ इतकाच, की रूपांतर तू करू नकोस, माझी बँक करेल.

एटीएमवरून आठवलं, क्रेडिट कार्डाने रोख काढायची नाही. दुकानातल्या खरेदीला जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोखीला नसते. व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं आणि रोखीचं शुल्क वेगळं. डेबिट कार्डाने काढायचे तर थोडे थोडे काढू नयेत. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी साधारण 220 बाट किंवा अधिक मोजावे लागतात, मग तुम्ही हजार बाट काढा की दहा हजार.

«इथे कमिशन नाही, म्हणजे फुकट»

विमानतळावरच्या मनी चेंजरच्या पाटीवर 'झीरो कमिशन' लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. त्याची कमाई घेण्याच्या आणि देण्याच्या दरांतल्या फरकात असते. बाजारात डॉलर 86 चा असताना तो तुमच्याकडून 80 ला घेत असेल आणि तुम्हाला 92 ला देत असेल, तर कमिशन शून्यच राहिलं, फक्त डॉलरमागे 6 रुपये गेले. म्हणून पाटी वाचायची ती दोन्ही रकाने वाचायची. दोहोंत अंतर कमी तो बरा. गंमत म्हणजे लोक जीएसटीवरून काउंटरवर हुज्जत घालतात. चलनबदलावर 1 लाख रुपयांपर्यंत कर लागतो तो रकमेच्या 1 टक्क्यावर 18 टक्के, म्हणजे लाखामागे 180 रुपये. दरातल्या फरकाचे सहा-सात हजार मात्र बिनतक्रार जातात.

आता उलटा गैरसमज. ज्या देशात जायचं त्याचं चलन घरूनच नेलं पाहिजे, असं घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. डॉलर, युरो, पौंड यांच्या बाबतीत ते ठीक आहे. शहरातल्या दोन-तीन चेंजरना फोन करून दर विचारला की बरा भाव मिळतो. पण बाट, डाँग, इंडोनेशियाचा रुपिया यांना इथे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे चेंजर अंतर मोठं ठेवतो. बँकॉकला 100 डॉलरच्या कोऱ्या नोटा नेऊन तिथे बाट घेतले तर पैसे दोनदा बदलले जातात, तरीही ते बहुधा स्वस्त पडतं. कोऱ्या म्हणजे कोऱ्याच हव्यात. तिथे 100 च्या नोटेला जो दर मिळतो तो 5-10 डॉलरच्या नोटांना मिळत नाही, आणि फाटकी किंवा पेनाने आकडे लिहिलेली नोट घ्यायला काउंटरवरची बाई मान हलवून नकार देते.

रोखीचे नियमही ऐकीव असतात. एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकी रक्कम कार्डावर. 'वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात' हेही खरं, पण ती एका माणसाची आर्थिक वर्षातली एकूण मर्यादा आहे, खिशातल्या रोकडीची नव्हे. चेंजरकडे रोख रुपये देऊन चलन घ्यायचं तर 50,000 रुपयांच्या आतच.

फॉरेक्स कार्डाबद्दल एवढंच: दर आधी बांधला जातो हा त्याचा खरा फायदा. पण त्यात डॉलर भरून ते जपानमध्ये येनसाठी वापरलं, तर पुन्हा चलनबदलाचं शुल्क लागतं. ज्या चलनात खर्च करायचा तेच भरायचं. आणि यूपीआय? सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान इथे ते पोहोचलं आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठीही सुरू झालं. पण आयफेल टॉवरला चाललं म्हणून त्याच्या पायथ्याशी क्रेप विकणाऱ्याकडे चालेल असं नाही.

«सहलीवर सरकार वीस टक्के कर घेतं»

या एका वाक्याने कितीतरी घरांत सहलीचे बेत बदलले. सहल कंपनी बिलात जी टीसीएसची रक्कम लावते तो खर्च नाही, आगाऊ भरलेला आयकर आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर 7 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 20 टक्के असा तो होता. 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 10 लाख झाली, आणि 2026 च्या अर्थसंकल्पात पॅकेजसाठी तो सरसकट 2 टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव आला. दर काहीही असो, रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते, जास्त असेल तर परत येते. नोकरदाराला ऑक्टोबर 2024 पासून ती कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही वळती करून घेता येते.

पैसे अडकतात ते दुसरीकडे. निवृत्त आईच्या नावाने बुकिंग केलं, टीसीएस तिच्या पॅनवर गेला, आणि तिला कर लागत नाही म्हणून विवरणपत्र कुणी भरलंच नाही. मग ती रक्कम तिथेच राहते. परदेशात क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर टीसीएस लागतो अशी 2023 मध्ये आवई उठली होती. ती निराधार नव्हती, तसा निर्णय झाला होता. पण जून 2023 च्या शेवटी अर्थ मंत्रालयाने तो लांबणीवर टाकला.

पास घेतला की प्रवास स्वस्त, हा समज जपानने मोडला. तिथला सात दिवसांचा साधा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. टोकियो ते क्योटो शिन्कान्सेनचं एका बाजूचं भाडं साधारण 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊन 28,000. जुन्या किमतीत पास जवळजवळ वसूल व्हायचा. आता नुसतं टोकियो-क्योटो करणाऱ्याला तो 22,000 येनांचा भुर्दंड आहे. तरी जुने व्हिडिओ बघून लोक अजून तो आधी विकत घेतात. स्वित्झर्लंडमध्ये उत्तर वेगळं येतं: मुलं सोळा वर्षांच्या आतली असतील आणि आईवडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल, तर मोफत फॅमिली कार्डावर मुलांचा प्रवास फुकट होतो. पण रोज फिरायचं नसेल तर निम्म्या भाड्याचं कार्ड बरं. कागद-पेन घेऊन बेरीज करण्याला इथे पर्याय नाही.

पाण्याचं मात्र सोपं आहे. झुरिकमध्ये 1,200 हून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. फ्रान्समध्ये हॉटेलात जेवताना नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट द्यावा लागतो, तसा तिथला कायदाच आहे. माझे ते तीन चौक मी उगाच चाललो.

आणि तो चिवडा? चिवडा चालतो. पेढे, श्रीखंड, तूप युरोपात नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. न्यूझीलंडला तर खाण्याचं प्रत्येक पाकीट अर्जावर लिहावं लागतं, विसरलात तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड. एवढ्यात एक फर्मास जेवण झालं असतं.

दुबईचं सोनं हा तर घरगुती दंतकथेचाच विषय. बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम आणता येतं, असं विमानात शेजारची मावशी ठामपणे सांगते. आकडे बरोबर आहेत, माणसं चुकीची. दागिन्यांवरची ही सूट वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवस बुर्ज खलिफा बघून येणाऱ्यांसाठी नव्हे. शिवाय जुलै 2024 मध्ये भारतातला सोन्यावरचा आयात शुल्काचा दर 15 वरून 6 टक्क्यांवर आला, तेव्हा दोन्हीकडच्या भावांतला फरकही आटला.

खरेदीवरचा कर परत मिळतो, हे अर्धसत्य. ब्रिटनने पर्यटकांना व्हॅट परत देणं 2020 च्या अखेरीस बंद केलं, तरी लंडनच्या दुकानांत आपले लोक अजून फॉर्म मागताना दिसतात. फ्रान्समध्ये एका दुकानात 100 युरोंच्या वर खरेदी लागते, आणि परतावा देणारी कंपनी आपला वाटा कापून देते. हॉटेल आणि जेवणावर काहीच मिळत नाही. वस्तू न वापरलेली असावी लागते आणि कस्टम्सचा शिक्का बॅग आत जाण्याआधी घ्यावा लागतो. बॅग देऊन आलेल्या माणसाची रांगेत होणारी तगमग मी पाहिली आहे.

विमानाच्या तिकिटाबद्दल एका ओळीत: तेच तिकीट पुन्हा पुन्हा शोधलं म्हणून भाव चढतो, म्हणून ब्राउझरच्या गुप्त खिडकीत शोधावं, हा सल्ला बिनकामाचा. एकाच वर्गातल्या आसनांचे वेगवेगळ्या भावांचे गट असतात. स्वस्त गट संपला की पुढचा दिसतो.

उरलेल्या नोटांचं काय? 2,000 डॉलरपर्यंत परकीय चलन घरी ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त उरलं तर परतल्यापासून 180 दिवसांत विकायचं. नाणी चेंजर घेत नाही, ती विमानतळावरच्या कॉफीत संपवावीत. नोटा ठेवताना मात्र एक बघा. काकांच्या कपाटात पुढच्या खेपेसाठी जपलेले 20 पौंडांचे कागदी तुकडे निघाले. ते 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानांत चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड ते अजून बदलून देते, त्यासाठी मुदत नाही. पण त्या खिडकीपर्यंत जायला आधी लंडनचं तिकीट काढावं लागतं. काका म्हणाले, बघू, तिकीट स्वस्त झालं की जाऊ.