पहिला गेमिंग पीसी : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?



दहावी-बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एक मागणी पुढे येते : "मला गेमिंग पीसी हवाय." आई-बाबा विचारतात, "किती लागतील?" रक्कम ठरते, पण ती कोणत्या भागावर किती खर्च करायची हे कुणी नीट सांगत नाही. मग महागडा प्रोसेसर येतो, रंगीत दिवे लुकलुकतात, आणि गेम मात्र अडखळत चालतो. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

१. गेम पडद्यावर येतो कसा?

गेममधलं हलतं दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. त्या हिशोबावरून चित्र रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड.

समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला २५. दोघांचं काम एकाच वेळी चालू असतं, पण फ्रेम तयार होते ती हळू चालणाऱ्याच्या गतीने. १००० ÷ २५ = ४०, म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला तरी उत्तर ४०च! पुढे धीमी लोकल असेल तर त्याच रुळावर मागून येणाऱ्या फास्ट लोकलचा काय उपयोग? तसंच हे. म्हणून पैसे घालायचे ते अडलेल्या जागी.

२. सुरुवात मॉनिटरपासून करा

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर बरोबर त्याच्या चौपट. ठिपके वाढले की ग्राफिक्स कार्डाचं काम वाढतं. शिवाय ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डाने ९० फ्रेम काढल्या तरी ६० हर्ट्झचा पडदा त्या सगळ्या पूर्णपणे दाखवू शकत नाही. पहिल्या पीसीसाठी फुल एचडी पुरेसं आहे. मॉनिटर ठरला की कार्ड किती ताकदीचं हवं तेही ठरतं.

३. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

फक्त व्हॅलोरंटसारखे हलके खेळ खेळणार असाल, तर वेगळं कार्ड लगेच घेतलंच पाहिजे असं नाही. रायझन ५ ५६००जी यासारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आतच असते. आज त्यावर काम भागवा, पुढच्या वर्षी पैसे साठवून कार्ड जोडा. मोठे, जड खेळ खेळायचे असतील तर मात्र बजेटमधला सर्वांत मोठा वाटा, साधारण एक तृतीयांश किंवा थोडा जास्त, कार्डाला द्या.

एक खबरदारी घ्या. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल (उदा. आय३ १२१००एफ), तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड न घेता असा प्रोसेसर आणलात तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

४. मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी

मदरबोर्डचं सॉकेट प्रोसेसरशी जुळायलाच हवं. डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. एएमडीचं २०२२ साली आलेलं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं. जुन्या एएम४वर डीडीआर४ चालते.

१६ जीबी रॅम घ्यायची तर ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. दोन मार्गांनी माहितीची ये-जा होते, आणि आतल्या ग्राफिक्सवर खेळताना हा फरक चांगलाच जाणवतो. विंडोज आणि गेम एसएसडीवरच ठेवा. रेड डेड रिडेम्प्शन २ सारखा एकच गेम १५० जीबी जागा मागतो, त्यामुळे ५१२ जीबीपेक्षा कमी घेऊ नका.

५. एसएमपीएस : इथे हात आखडू नका

घरातली २३० व्होल्टची वीज पीसीच्या भागांना लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलणारा हा डबा. तो वेग वाढवत नाही, म्हणून सगळे इथेच काटकसर करतात. पण हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. मग वाचवलेल्या दोन-तीन हजारांपायी कित्येक हजारांचं नुकसान!

हिशोब सोपा आहे. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट, रायझन ५ ५६०० प्रोसेसर ६५ वॅट, बाकी भाग धरा ६० वॅट. एकूण झाले २५७. क्षणिक वाढ आणि पुढची सोय धरून चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' शिक्का असलेला ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. डब्यावरचं लेबलही वाचा : १२ व्होल्टच्या रांगेत ३६ अँपिअर असेल तर १२ × ३६ = ४३२ वॅट. मोठ्या अक्षरात '५०० वॅट' आणि या रांगेत जेमतेम २०० वॅट, असा डबा तिथेच ठेवून द्या.

६. मग वाचवायचं कुठे?

दिव्यांचे पंखे, काचेचं कॅबिनेट, महागडा मदरबोर्ड आणि गेमिंग कीबोर्ड यांत. कॅबिनेट साधं चालेल, पण समोर जाळी हवी. मुंबईच्या उकाड्यात हवा खेळली नाही तर कार्ड तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं.

७. खरेदीला जाताना

अंधेरी-बोरिवलीहून धीम्या लोकलने थेट ग्रँट रोडला उतरा. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी दादरला गाडी बदलावी. स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच आपला लॅमिंग्टन रोड. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी जा. पहिल्याच दुकानात पैसे देऊ नका. तीन-चार ठिकाणी कोटेशन घ्या आणि ऑनलाइन भावाशी ताडून पाहा. सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागायची वेळ आली की तोच कागद कामी येतो.

जुनं कार्ड घेत असाल तर ते चालवून, निदान अर्धा तास गेम खेळून पाहा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डं जुन्या बाजारात आली होती.

करून पाहा : वहीत तीन रकाने आखा : भाग, किंमत, आणि 'हा भाग का?' तिसऱ्या रकान्यात एका ओळीत कारण लिहा. ज्या भागापुढे कारण सुचणार नाही, तिथले पैसे काढून ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसकडे वळवा. मग ती वही आई-बाबांना दाखवा. "किती लागतील?" या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर नाही.